कंदीची सकाळची फेरी

डॉक्टर पाटण्यांनी कंदीला टेबलावर उताणा केला आणि पोटावरचे केस बाजूला सारायला गेले, तर सारायला केसच नव्हते. तळहाताएवढा गुलाबी चट्टा होता नुसता.

"खरूज?" मी विचारलं.

"नाही. चाटून चाटून काढलेत त्यानं. घरात ह्याच्याशी खेळायला कुणी आहे का?"

"मी आहे," माई म्हणाल्या.

"तुम्ही आहात हो माई, पण तुम्ही काही उंदीर नाही." डॉक्टर हसले. "कंटाळा आलाय ह्याला. बाकी काही नाही."

"मांजराला कसला आलाय कंटाळा? दोन वेळा दूधभात, दुपारी उकडलेलं अंडं, झोपायला माझी गादी. आमच्या माहेरी मांजरांना कुणी विचारत पण नव्हतं."

"तुमच्या माहेरी दाराला जाळी नव्हती. बाहेर जायची, चार झाडांवर चढायची, मार खाऊन परत यायची. हा पिल्लू होता तेव्हापासून फ्लॅटमध्ये आहे. तुम्हाला दोन वेळा दूधभात आणि गादी देऊन दोन खोल्यांत ठेवलं तर आवडेल का?"

माईंनी पदर सारखा केला आणि कंदीला टेबलावरून उचलून घेतलं.

गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. आम्ही साताऱ्यात शाहूपुरीकडे राहायचो, सप्तर्षी अपार्टमेंटमध्ये पहिल्या मजल्यावर. मी, माझा नवरा रणजित आणि माझ्या सासूबाई, म्हणजे माई. रणजित एमआयडीसीत नोकरीला होता. कुणाच्या तरी गाडीच्या इंजिनात अडकलेलं पिल्लू त्यानं तिथूनच उचलून आणलं होतं. रंग अगदी कंदी पेढ्याचा, म्हणून कंदी. माझे सासरे, आबा, त्याच्या थोडेच महिने आधी गेले होते. घरात कुणी फारसं बोलत नव्हतं. पिल्लू आलं आणि माई त्याच्याशी बोलायला लागल्या. "अरे मुडद्या, दूध सांडलंस" हे त्यांचं कित्येक दिवसांतलं पहिलं मोठं वाक्य होतं. तेव्हापासून तो त्यांचाच झाला.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. छातीला पट्टा बांधायचा, पट्ट्याला दोरी, आणि रोज सकाळी अर्धा तास खाली न्यायचं. मोकळं सोडायचं नाही, आपण सोबत राहायचं. महिनाभर करून बघा. तरीही चाटत राहिला तर जखम चिघळेल. मग त्याला मोकळ्या जागेत दिलेलं बरं. त्यांच्या एका मित्राची मेणवलीला बाग होती, तिथं घेतील म्हणाले.

"देणार नाही," माई रिक्षात म्हणाल्या.

"मग खाली न्यावं लागेल."

"ते पण नको."

आता मला वाद घालायला आवडतं. रणजित म्हणतो, तुला वकील करायला हवं होतं, घरात तरी शांतता राहिली असती. त्या रात्री जेवताना मी माईंचा एकेक मुद्दा घेतला आणि निकालात काढला. कुत्री आहेत? फाटक बंद असतं. गाड्या? सकाळी मागच्या बाजूला एकही गाडी हलत नाही. गोचीड होतील? त्याला औषध असतं. रोग लागेल? लसी दिल्यात. पळून जाईल? दोरी कशासाठी आहे?

"आणि लोक?" माई म्हणाल्या.

"लोकांचं काय?"

"सकाळी लोक कामाला निघतात. मांजर आडवं जाईल."

मी हसत सुटले. रणजितही हसला. "माई, कुठल्या जमान्यात आहात?" मी म्हटलं. "आपल्या बिल्डिंगमधले मुळे सर फिजिक्स शिकवायचे. भोईट्यांची मुलगी एम.एस्सी. झालीये. कोण मानतं हो असलं?"

"बरं," माई म्हणाल्या आणि ताटं उचलायला लागल्या.

मी जिंकले होते. मला बरं वाटलं.

पट्टा आला. कंदीला तो पहिल्यांदा बांधला तेव्हा तो जागच्या जागी आडवा पडला, अर्धांगवायू झाल्यासारखा. चारही पाय ताठ. रणजित म्हणाला, "गेला हा." माई घाबरून ओरडल्या, "काढ ते, काढ आधी!" काढल्याबरोबर महाशय उठून अंग चाटायला लागले. दोन-तीन दिवस हेच नाटक. मग माईंनी युक्ती केली. पट्टा बांधायचा आणि अंड्याचा पिवळा बलक समोर धरायचा. बलकासाठी तो अर्धांगवायू विसरला.

न्यायचं कुणी हा प्रश्नच नव्हता. सकाळी माझी लगीनघाई. दोन डबे, पाणी भरणं, आणि दहाला पतसंस्थेत हजर. रणजितची बस साडेसातची. तेव्हा माईच नेणार होत्या. पण त्यांनी सुरुवात केली ती दुपारची. मी सुट्टीच्या दिवशी बघायला गेले, तर कंदी एका स्कूटरखाली सावलीत झोपलेला आणि माई शेजारी पायरीवर पदरानं वारा घेत बसलेल्या. सगळी बिल्डिंग चिडीचूप.

"हे काय माई? झोपायला घरात गादी आहे की त्याला."

"ऊन आहे ना गं."

"म्हणूनच डॉक्टरांनी सकाळी सांगितलंय. किडे, पाखरं, सगळं सकाळी असतं."

"दुपारी बरं पडतं मला."

"तुम्हाला की त्याला?"

मला वाटलं गुडघ्यांचं कारण असेल. आबा गेल्यापासून माई खाली फारशा उतरतच नव्हत्या. पूर्वी रोज सकाळी आवारातली तगरीची फुलं त्या स्वतः तोडून आणायच्या आणि येता येता तीन जणींशी गप्पा मारायच्या. आता फुलं वॉचमन आणून द्यायचा. गुडघे, असं आम्ही धरून चाललो होतो. पण दुपारी ते गुडघे चालत होतेच. चट्टा मात्र कमी होत नव्हता, उलट मांडीकडं सरकला होता. मी तो त्यांना दाखवला. मेणवलीचं नाव काढलं. दुसऱ्या दिवशी माई सकाळी उतरल्या.

आणि काय सांगू, चारपाच दिवसांत घराचं रूप पालटलं. कंदी वर यायचा तो दमून, नाकाला माती लावून. तगरीखाली सरडा बघितला, मुंगळा पंजानं उलटा केला, गवत खाल्लं आणि जिन्यात ओकला, अशा बातम्या माई मला पोळ्या लाटताना द्यायच्या. आवाज चढा असायचा. एकदा तर फुलंही स्वतःच तोडून आणली. अजिंक्यताऱ्यावर सकाळी ऊन कसं आधी वरच्या कड्यावर पडतं आणि मग खाली उतरतं, हे त्यांनी मला असं सांगितलं, की जणू किल्ला आदल्याच रात्री बांधलाय.

मग एका रविवारी भोईट्यांचं प्रकरण झालं.

भोईटे तिसऱ्या मजल्यावर राहायचे. माणूस भला. कुणाच्या घरी पेशंट असेल तर गाडी काढून हजर. त्यांच्या केतकीसाठी स्थळं बघणं चालू होतं. त्या रविवारी ते, त्यांची बायको आणि केतकी फलटणला निघाले होते, मुलाकडचं घर बघायला. खाली आले, गाडीत बसणार तेवढ्यात थबकले आणि तिघंही परत वर गेले. थोड्या वेळानं उतरले आणि गेले. हे मला वॉचमननं सांगितलं. माईंना विचारलं तर म्हणाल्या, "हो. कंदी आडवा गेला ना. वर जाऊन टेकले असतील, पाणी प्यायले असतील. तसं करतात."

"आणि तुम्ही?"

"मी काय? मी मागच्या बाजूला गेले."

फलटणचं स्थळ फिसकटलं. आठवडाभरात सोसायटीच्या बैठकीची सूचना लागली. विषय दोन होते. वरच्या टाकीची गळती आणि आवारात पाळीव प्राणी फिरवण्याबाबत.

"माई, चला. आज मजा आहे," मी म्हटलं.

"तू जा. मी नाही येत. आणि वृषाली, फार ताणू नकोस."

बैठक पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. टाकी पाच मिनिटांत आटपली. मग मुळे सरांनी घसा खाकरला. ते आमचे चेअरमन.

"भोईटे, तुम्ही बोलता का?"

"नाही, म्हणजे कसं आहे," भोईटे म्हणाले, "आमचा विश्वास आहे असं नाही हो. पण सकाळी सकाळी माणूस चांगल्या कामाला निघतो…"

"विश्वास कुणाचाच नाही," वरच्या मजल्यावरच्या जोशीण काकू म्हणाल्या. "पण मनाला लागतंच ना."

"विश्वास नाही तर लागतं कसं?" मी विचारलं.

कुणी हसलं. मला जोर चढला. मी उभी राहून बोलले. मुळे सरांना विचारलं, सर, तुम्ही तीस वर्षं मुलांना शिकवलंत, मांजर आडवं गेल्यानं बस चुकते असं कुठल्या धड्यात होतं? गल्लीतली चार मोकाट मांजरं रोज ह्याच फाटकाखालून जातात, त्यांना नोटीस लावली का? आमचं एक दोरीला बांधलेलं आहे, त्याचाच विटाळ का? डॉक्टरांचा सल्ला सांगितला, चट्टा सांगितला, मेणवली सांगितली. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की कुणी माझ्याकडे बघतच नाहीये. मुळेबाई जमिनीकडे बघत होत्या. भोईटे किल्लीशी चाळा करत होते. मी त्याचा अर्थ काढला, हरलेत.

"ठीक आहे, ठीक आहे," मुळे सर म्हणाले. "मुक्या जिवाचा प्रश्न आहे. फिरवू द्या मांजर. सकाळीच फिरवू द्या. फक्त असं करा, सूनबाई, तुम्ही न्या त्याला. किंवा रणजित. माईंचं आता वय झालं, मांजर ओढ घेतं, पडल्याबिडल्या तर उगाच…"

"हो, हो, ते बरं," जोशीण काकू लगेच म्हणाल्या.

"अगदी बरोबर," भोईटे म्हणाले. "माईंची काळजी आम्हालाही आहेच ना."

सगळ्यांनी माना डोलावल्या. इतक्या पटकन आमच्या सोसायटीत आजवर काही मंजूर झालं नव्हतं. मी हो म्हटलं. भांडायला उरलंच काय होतं?

वर येऊन मी चपला काढायच्या आधीच सांगितलं, "माई, जिंकलो! सकाळीच न्यायचं. फक्त मी न्यायचं म्हणाले, तुम्ही पडाल म्हणून. मी म्हटलं, बरं."

माई शेंगा सोलत होत्या. "बरं केलंस," त्या म्हणाल्या.

"डबे तुम्ही बघाल ना मग?"

"बघीन की. मला काय काम आहे?"

तसं सुरू झालं. मी सकाळी कंदीला घेऊन खाली, माई वर पोळ्या करतायत. मला ते आवडायला लागलं हे खरं. महिना उलटला. चट्ट्यावर आधी लव आली, मग केस. डॉक्टर पाटणे म्हणाले, शाब्बास, मेणवली रद्द. माईंनी त्या दिवशी शेवयांची खीर केली. कंदीलाही दिली.

माईंची फुलं पुन्हा वॉचमन आणून द्यायला लागला, हे मी पाहिलं होतं. मला वाटलं, सकाळी पोळ्यांमुळे वेळ होत नसेल.

त्या शनिवारी थंडी होती. कंदी आणि मी फाटकाजवळ होतो. भोईटे मंडळी पुन्हा निघाली होती. केतकीला पुण्याचं एक स्थळ आलं होतं आणि मुलानं फोटो पसंत केला होता. भोईट्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांच्या बायकोच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. गाडी वळवून ते फाटकाकडे आले आणि नेमका त्याच वेळी कंदीला पलीकडच्या भिंतीवर साळुंकी दिसली. दोरी माझ्या हातातून हातभर सरकली. तो गाडीच्या बॉनेटसमोरून, अगदी नाकासमोरून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा गेला.

झालं, मी म्हटलं. आता हे उतरणार. वर जाणार, टेकणार, पाणी पिणार, आणि स्थळ मोडलं तर पुन्हा बैठक.

भोईट्यांनी काच खाली केली. "काय कंदीशेठ, साइड द्या की जरा!" ते हसत म्हणाले. "वहिनी, निघतो हं. पुण्याला चाललोय."

केतकीनं मागून हात केला. गाडी फाटकाबाहेर गेली.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? वाटलं, माझ्या भाषणानं माणसं सुधारली. मी कंदीला काखोटीला मारून दोन दोन पायऱ्या चढत वर आले.

"माई! भोईट्यांच्या गाडीला आडवा गेला हा! अगदी समोरून. आणि ते थांबले नाहीत! हसले उलट."

माईंनी तव्यावरची पोळी उलटली. "जाणारच की."

"अहो, पण मागच्या वेळी तिघं परत वर गेले होते. त्याच माणसानं सोसायटी डोक्यावर घेतली होती. आता मांजर तेच, गाडी तीच, पोरीचं स्थळ बघायचं कामही तेच."

"मागच्या वेळी दोरी माझ्या हातात होती," माई म्हणाल्या.

मला समजायला वेळ लागला. पोळी फुगली, माईंनी उतरवली, दुसरी टाकली.

"म्हणजे?"

"म्हणजे काय, वृषाली. विधवा बाई सकाळी समोर आली की काम होत नाही म्हणतात. तोंडावर कसं म्हणायचं? शेजारधर्म आहे. मग मांजर सापडलं त्यांना."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. बैठकीतला एकेक चेहरा आठवला. मुळेबाई खाली बघत होत्या त्या का, माना इतक्या पटकन का डोलल्या, सगळं. मी मांजरासाठी भांडत होते आणि सबंध पार्किंगला माहीत होतं की मी कशासाठी भांडत नाहीये. मला लाज वाटली. मग राग आला.

"तुम्हाला माहीत होतं? पहिल्यापासून?"

"आबा गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी फुलं तोडायला गेले होते. जोशीण बाई मुलाला परीक्षेला सोडायला निघाल्या होत्या. मला बघून त्यांनी पोराला जिन्यात मागं ओढलं. काही बोलल्या नाहीत. मीच म्हटलं, नको बाई उगाच कुणाच्या पोराच्या मध्ये."

"आणि आम्हाला सांगितलं गुडघे."

"तुम्हीच म्हणालात गुडघे. मी नुसतं 'नाही' म्हटलं नाही."

"मी आत्ता जाऊन विचारते एकेकाला."

"काय विचारशील? छे हो, आमचा कुठं विश्वास, म्हणतील. आणि खरंच नाहीये गं. भोईट्यांना विचार देवाशपथ, मनापासून सांगतील. तरी पोरीचं काम असलं की पाय मागं येतो."

"तुम्ही त्यांची बाजू घेताय?"

माईंनी गॅस बारीक केला. "तुझं लग्न होऊन तू ह्या घरी आलीस, तेव्हा माप ओलांडताना दारात कोण कोण होतं, आठवतं?"

"तुम्ही. काकू. शेजारच्या दोघी-तिघी."

"आणि आत्याबाई?"

आत्याबाई म्हणजे आबांची बहीण. तरुणपणीच नवरा गेला होता. मी आले तेव्हा त्या ह्याच घरात होत्या आणि दोन वर्षांनी गेल्या. फार मायाळू बाई.

"त्यांना ताप होता ना त्या दिवशी?"

"ताप कसला. मी त्यांना मागच्या खोलीत बसवलं होतं. म्हटलं, वन्सं, तुम्ही जरा पडा, दमला असाल. त्या म्हणाल्या, हो गं, दमलेच आहे. सबंध लग्नाचे लाडू त्यांनी वळले होते. दार मी बाहेरून लोटून घेतलं." माईंनी पुढचा गोळा हातात घेतला. "माझाही विश्वास नव्हता. आबांनी विचारलं, ताई कुठे? मी म्हटलं, ताप आहे. रणजितसाठी, तुझ्यासाठी, उगाच कशाला जोखीम घ्या. असंच वाटलं मला."

"आत्याबाईंना कळलं होतं?"

"न कळायला त्या काय कुक्कुलं बाळ होत्या? संध्याकाळी मला म्हणाल्या, वहिनी, सून गोड आहे हो. खिडकीच्या फटीतून बघितली."

माई रडल्या नाहीत. मी रडले. कंदी ओट्याखाली बसून अंग चाटत होता. तव्यावरची पोळी करपली, ती माईंनी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "जा आता, तोंड धू. पतसंस्थेला उशीर होईल."

त्या दिवशी संध्याकाळी रणजितला सांगितलं. त्यानं डबा ओट्यावर ठेवला. मग म्हणाला, "उद्यापासून माईच नेतील." माई म्हणाल्या, "तुम्ही दोघं माझ्या वतीनं ठराव करू नका आता."

पुण्याचं स्थळ जमलं. पुढच्याच आठवड्यात भोईटे पेढे द्यायला आले. रविवारी सुपारी फोडायला पुण्याला जायचं ठरलं होतं. माईंनी पेढा घेतला, केतकीला तोंडभर आशीर्वाद निरोपातून पाठवले. मला वाटलं, संपलं.

रविवारी मी उठून स्वयंपाकघरात आले तर माई तयार होत्या. आबांनी घेतलेली मोतिया रंगाची साडी नेसल्या होत्या. ती मी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. पायाशी कंदी पट्टा बांधून बसला होता.

"आज पोळ्या तू कर," त्या म्हणाल्या.

"माई, आज भोईटे सुपारीला निघणार आहेत."

"माहीत आहे."

"मी येऊ सोबत?"

"तू काय करणार येऊन? भांडणार." आणि त्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागल्या. कंदी पुढं.

मी कसली पोळ्या करतेय! रणजितला हलवून उठवलं आणि जिन्याच्या वळणावर, फाटक दिसतं तिथं जाऊन उभी राहिले.

माई फाटकात मधोमध उभ्या नव्हत्या. ते मुद्दाम सांगते, कारण नंतर लोकांनी तसं सांगितलं. त्या तगरीजवळ होत्या, बाजूला, फुलं तोडत होत्या. कंदी गवत हुंगत होता. पण फाटकाकडे जाणाऱ्या माणसाला त्या दिसणार होत्याच.

भोईटे मंडळी उतरली. पुढं भोईटे, मागं त्यांची बायको परातीवर रुमाल झाकून, मग केतकी जांभळ्या पैठणीत. भोईट्यांनी माईंना पाहिलं आणि त्यांचा पाय थांबला. बायको त्यांच्या पाठीवर आपटता आपटता राहिली. भोईट्यांनी सदऱ्याचा खिसा चाचपला, मग पँटचा.

"अरेच्चा," ते म्हणाले. "चष्मा राहिला वाटतं वर."

"भोईटे," माई म्हणाल्या, अगदी सहज, फुलं तोडता तोडता, "चष्मा तुमच्या डोळ्यांवर आहे."

केतकीनं ओठ दाबले. भोईट्यांचा हात चष्म्याकडे गेला, चष्मा तिथंच होता. कान लालेलाल झाले त्यांचे. माझ्या मागं रणजित येऊन उभा होता.

"हा… हा जवळचा. लांबचा राहिलाय."

"मग जाऊन या वर," माई म्हणाल्या. "सावकाश या. आम्ही आहोत इथंच."

भोईटे बायकोकडे बघायला लागले. ती केतकीकडे. केतकी कुणाकडेच बघत नव्हती, ती माईंकडे बघत होती. भोईटे एकटेच जिना चढले. माझ्या शेजारून गेले, पण माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. वर दार उघडल्याचा आवाज आला, मग माठावरच्या झाकणाचा.

ते खाली आले तेव्हा माई तिथंच होत्या. जागेवरून हलल्या नव्हत्या. ओंजळ मात्र फुलांनी भरली होती.

"सापडला?" माईंनी विचारलं.

भोईटे तिथंच उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, हातात गाडीची किल्ली, आणि समोर माई. पुन्हा वर जायला आता काही राहिलं नव्हतं.

"सापडला," ते म्हणाले.

"मग निघा. पुणं लांब आहे."

ते माईंच्या समोरून गाडीकडे गेले. केतकीनं गाडीचं दार उघडलं, मग परत लावलं आणि माईंजवळ येऊन म्हणाली, "येते, माई." माईंनी ओंजळीतली दोन फुलं तिच्या आईच्या हातातल्या परातीवर ठेवली. भोईट्यांच्या बायकोचा हात रुमाल ओढायला पुढं झाला आणि तसाच थांबला.

गाडी गेली. माई वर आल्या तेव्हा घामानं डबडबल्या होत्या. देव्हाऱ्यासमोर फुलं ठेवताना ताम्हन हातातून सुटलं. "पोळ्या झाल्या का गं?" त्यांनी विचारलं. झाल्या नव्हत्या.

केतकीचं लग्न त्या वैशाखात झालं. ते चांगलं चाललंय. नसतं चाललं तर लोक काय म्हणाले असते, ते मला माहीत आहे. त्याच्याशी माईंना काही घेणं नव्हतं. सुपारीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी मी कंदीला खाली न्यायला उठले, तर खुंटीवर दोरी नव्हती, दार नुसतं लोटलेलं होतं आणि खालून माईंचा आवाज येत होता. जोशीण काकूंशी बोलत होत्या.